रनटाइम लायब्ररीत ‘इंट’ लिहिताय? या चुका टाळा

महापेच्या आमच्या छोट्या ऑफिसात एका बोर्डावर १.० अधिक १.० चं उत्तर भलतंच यायचं. लॅपटॉपवर तोच कोड चोख. दोन दिवस मी हार्डवेअरवाल्यांच्या नावाने बोटं मोडली. शेवटी मॅडमनी मागून स्क्रीन बघत विचारलं, ‘‘अरे, इथे इंट किती बिटचा आहे?’’

सोळा! इंट म्हणजे सी भाषेतला साधा पूर्णांक. आमच्या बोर्डावरच्या एव्हीआर कंट्रोलर चिपवर तो १६ बिटचाच असतो आणि सी भाषेचं मानकही त्याहून जास्तीची हमी देत नाही. त्या चिपमध्ये फ्लोटच्या, म्हणजे दशांश आकड्यांच्या, गणिताचं हार्डवेअर नाही, म्हणून कंपायलर (कोड चिपच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) रनटाइम लायब्ररीतलं, म्हणजे अशा कामांच्या तयार संचातलं, फंक्शन बोलावतो. तिथे फ्लोटचा अध्याहृत (साठवत नाहीत, धरून चालतात असा) २४ वा बिट मी ‘१ << २३’ असा बनवला होता. १६ बिटच्या आकड्याला २३ घरं सरकवलं तर काय व्हावं, हे मानक सांगतच नाही. आमच्याकडे शून्य आलं. १.० चे उरलेले २३ बिट मुळातच शून्य, म्हणजे आकड्यात काही उरलंच नाही. वॉर्निंग आली होती. मीच शेकडो वॉर्निंगच्या ढिगात ती वाचली नव्हती.

उपाय साधा: तो १ ‘यूइंट३२_सी(१)’ असा, म्हणजे निदान ३२ बिटचा, लिहा. ‘लाँग’ या मोठ्या पूर्णांकाचा आकार सगळीकडे सारखा नसतो, ६४ बिट लिनक्सवर तो ८ बाइटचा, ६४ बिट विंडोजवर ४ चा.

याहून लबाड चूक ६४ बिटच्या आकड्याच्या शिफ्टमध्ये, म्हणजे तो ‘बी’ घरं डावीकडे सरकवताना. दोन ३२ बिटचे तुकडे करून खालचा तुकडा ‘३२ वजा बी’ घरं उजवीकडे सरकवून वरच्यात मिसळतात. बी शून्य असेल तर? घणसोली ते ठाणे लोकलमध्ये उभ्या उभ्या मांडून पाहिलं: ३२ घरं! ३२ बिट एआरएम प्रोसेसर शून्य देतो, म्हणून उत्तर योगायोगाने बरोबर. एक्स८६, म्हणजे इंटेल घराण्यातला प्रोसेसर, घरांच्या संख्येचे खालचे ५ बिटच बघतो, म्हणून आकडा जागचा हलत नाही आणि वरच्या तुकड्यात मिसळतो. बी शून्य असेल तर आकडा तसाच देऊन आधीच परत फिरा.

भागाकारात ऋण आकडा धन करताना आधी अनसाइन्ड (बिनचिन्हाचा) करा, मग चिन्ह उलटवा. सर्वांत लहान साइन्ड आकड्याला धन जोडीदारच नसतो. आणि ६४ बिट भागाकाराच्या फंक्शनात स्वतः ‘/’ वापरू नका. ३२ बिट चिपवर कंपायलर तेच फंक्शन पुन्हा बोलावतो, स्टॅक (फंक्शनांसाठी राखलेली मेमरी) संपेपर्यंत.

उत्तरं ताडून पाहायला मी पायथॉन ही भाषा घेतो. त्याच्या पूर्णांकांना बिटची मर्यादा नाही. ०, १, उणे १, सर्वांत लहान, सर्वांत मोठा, यांच्या सगळ्या जोड्या आधी बोर्डावर चालवतो.