अलंकार पाठ आहेत पण कविता कळत नाही, त्यांच्यासाठी

मराठी साहित्य नवीन शिकायला घेतलेली पोरं शंका घेऊन माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांचं दुखणं एकच असतं, व्याख्या पाठ, उदाहरणं पाठ, आणि कधी न वाचलेली कविता समोर ठेवली की गप्प. याचं कारण शाळेत लागलेली सवय. सम, समान, सारखा, परी, गत दिसलं की उपमा, जणू, गमे, वाटे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा. परीक्षेला हे बऱ्यापैकी चालतं, मार्कही पडतात. पण "सकाळपासून सारखा पाऊस पडतोय" यात सारखा आहे आणि उपमा नाही, "मला वाटतं उशीर होईल" यात वाटणं आहे आणि उत्प्रेक्षेचा पत्ता नाही. त्याहून गंमत म्हणजे "हा बैल त्या बैलासारखा आहे" यात दोन वस्तू आहेत, साम्य आहे, सारखा पण आहे, तरी जुने शास्त्रकार असल्या वाक्याला अलंकार मानत नाहीत, कारण त्यात चमत्कृती नाही, बैल बैलासारखाच असणार ना!

म्हणून माझा पहिला सल्ला, शब्द शोधू नका, दोन वस्तू शोधा. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय ते उपमेय, जे बाहेरून आणलंय ते उपमान, आणि मग कवी त्या दोघांचं नेमकं काय करतोय ते बघा. मी शिकत होतो तेव्हा एकच जोडी घेऊन तिला सगळ्या अलंकारांतून फिरवायचो आणि मला तरी सगळ्यात जास्त फायदा त्याचाच झाला. समजा रस्ता हे उपमेय आणि अजगर हे उपमान. "रस्ता अजगरासारखा सुस्त पडलाय" ही उपमा, दोघं वेगळे आहेत, फक्त सुस्तपणा सारखा. "रस्ता म्हणजे जणू अजगरच" ही उत्प्रेक्षा, इथे कल्पनेने दोघं जवळ आले पण जणू म्हटल्यामुळे थोडी फट शिल्लक आहे. "रस्त्याचा अजगर डोंगराला विळखा घालून बसलाय" यात ती फट पण गेली, दोघं एकच, म्हणजे रूपक. "हा रस्ता नव्हेच, हा अजगर" म्हटलं की उपमेयच नाकारलं, अपन्हुती. "हा रस्ता की अजगर?" असं मन डळमळीत राहिलं तर ससंदेह, आणि खरंच अजगर समजून बैल बिथरले आणि मागे फिरले तर भ्रांतिमान, कारण इथे नुसता भ्रम नाही, त्या भ्रमातून कृतीही घडली. "अजगराचं पोट एका शिकारीने भरतं, या रस्त्याचं कधीच भरत नाही" यात उपमेय वरचढ ठरलं, हा व्यतिरेक. आणि "या रस्त्यासारखा हाच रस्ता" म्हणून हात टेकले की अनन्वय. बघा, पाठ करायला वेगवेगळं वाटतं, पण हे सगळे त्याच दोघांमधल्या अंतराचे खेळ आहेत.

आता खरी अडचण. "अजगराने आजही दोन ट्रक गिळले". बस, एवढंच. रस्ता कुठे गेला? उपमेय गायब, नुसतं उपमान उरलंय. संस्कृत साहित्यशास्त्रात याला अतिशयोक्तीचा एक प्रकार म्हणतात, आपल्या शाळेत मात्र अतिशयोक्ती म्हणजे फुगवून सांगणं एवढंच शिकवतात, त्यामुळे हा प्रकार समोर आला की पोरं गोंधळतात. नव्या कवितेत हेच फार चालतं. कवी उपमेय सांगतच नाही, ते तुम्ही शोधायचं, आणि कधीकधी एका उपमानामागे दोन-तीन उपमेयं बसू शकतात, तेव्हा आपण प्रतीक वगैरे म्हणायला लागतो. अशा वेळी घाईने "अजगर म्हणजे रस्ता" असं लिहून मोकळं होऊ नका. पुढच्या-मागच्या ओळीत अजगराबरोबर कोणती क्रियापदं आलीत ते बघा, गिळणं, सुस्तावणं, विळखा घालणं, उपमेय बहुतेक वेळा क्रियापदातूनच सापडतं.

अलंकाराचं नाव सापडलं तरी निम्मंच काम झालेलं असतं, पुढचा प्रश्न, हेच उपमान का? मी यासाठी अदलाबदल करून बघतो. अजगराच्या जागी नदी ठेवा. लांब, वळणावळणाची, डोंगरातून जाणारी, साम्य तर नदीतही आहे. पण नदी म्हटलं की रस्ता मायाळू झाला, भीती गेली, ट्रक गिळणं बसेना. म्हणजे कवीला नुसता आकार सांगायचा नव्हता, धाक सांगायचा होता. रसग्रहणात ही दोन वाक्यं लिहिलीत तर "येथे उपमा अलंकार वापरल्याने काव्याला सौंदर्य प्राप्त झाले आहे" या वाक्याची गरज उरत नाही (ते वाक्य वाचून मला खरंच कंटाळा आलाय).

अलंकारांबरोबर शब्दशक्ती, म्हणजे शब्दातून अर्थ कसा निघतो ते, पण लगेच घ्या, ते प्रकरण मागे ठेवू नका. "अख्खं स्टेडियम उठून उभं राहिलं" यात सिमेंट उभं राहिलेलं नाही, माणसं राहिली, मूळ अर्थ बसत नाही म्हणून आपण जवळचा अर्थ घेतो, ही लक्षणा. व्यंजना वेगळी, तिथे मूळ अर्थ व्यवस्थित बसतो आणि वर अजून काहीतरी सुचतं. जुन्या ग्रंथांतलं "सूर्य मावळला" हे उदाहरण यासाठी फार चांगलं आहे, गुराख्याने ऐकलं तर गुरं वळवायची वेळ झाली, प्रियकराला भेटायला जाणारीने ऐकलं तर निघायची वेळ झाली, वाक्य तेच. त्यामुळे कवितेत कोण बोलतंय आणि कोणाशी, हे आधी ठरवल्याशिवाय व्यंग्यार्थ, म्हणजे असा वर सुचणारा अर्थ, लिहायला बसू नये.

यमक, अनुप्रासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, मोठ्याने वाचा, कानाला कळतं. फक्त एखादं अक्षर चारदा आलं म्हणून लगेच अनुप्रास म्हणू नका, त्या आवाजाने ओळीत काही घडतंय का ते बघा. श्लेषाला, म्हणजे एकाच शब्दाचे दोन अर्थ निघतात त्याला, मात्र वेळ द्या, दोन्ही अर्थ धरून ओळ पूर्ण लागली पाहिजे, एकच लागत असेल तर तो श्लेष तुम्ही ओढूनताणून आणलाय.

आणि अलंकारांची संख्या बघून घाबरायचं काम नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात चारच आहेत, उपमा, रूपक, दीपक आणि यमक, पुढे वाढत वाढत अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंद या ग्रंथापर्यंत ते शंभराच्या वर गेले. सुरुवातीला आठ-दहा नीट हाताळता आले तरी पुष्कळ. एका ओळीत दोन अलंकार सापडले तरी बिचकू नका, "रस्त्याचा अजगर जांभई देतोय" यात रूपक आहे आणि निर्जीव रस्त्याला जांभई आली म्हणून चेतनगुणोक्तीही आहे, उत्तरात दोन्ही लिहा आणि कुठल्याचं वजन जास्त पडतंय तेही सांगा. नावच आठवलं नाही तर उपमेय कोणतं, उपमान कोणतं आणि दोघांचं काय झालं एवढं लिहा, जागा रिकामी सोडू नका.