पॅनिक अटॅकवरचे साधे उपाय फसतात कुठे? या चुका टाळा

पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचा झटका, येणाऱ्या माणसाला उपाय माहीत नसतात असे सहसा होत नाही. दीर्घ श्वास घ्यावा, लक्ष दुसरीकडे वळवावे, पाणी प्यावे हे त्याने अनेकांकडून ऐकलेले असते आणि करूनही पाहिलेले असते. तरीही ऐन वेळी त्यातले काहीच लागू पडले नाही, उलट त्रास वाढला, अशी त्याची तक्रार असते. माझ्या मते दोष उपायांत क्वचितच असतो. भीती आत्ताच्या आत्ता गेलीच पाहिजे या हट्टाने ते केले जातात, आणि त्या घाईमुळेच शरीराची अशी समजूत होते की संकट खरोखरच आले आहे. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका या एकाच हट्टातून निघालेल्या आहेत.

झटका आला की शरीरात ॲड्रेनॅलिन स्रवते, हृदयाची धडधड वाढते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात, घशाला कोरड पडते आणि आपले आता काही खरे नाही असे वाटू लागते. ही लक्षणे सहसा १० मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतात आणि साधारण अर्ध्या तासात ओसरतात, मात्र थकवा आणि अंगातली हुरहुर त्यानंतरही काही वेळ रेंगाळते. पळून जाण्यासाठी किंवा लढण्यासाठी शरीराने केलेली ही तयारी आहे. फक्त समोर पळावे असे काहीच नसताना ती झालेली असते. झटका आपोआप उतरणारच असतो, आणि उपायांचे काम त्याच्या उताराला अडथळा होऊ न देण्याचे आहे, ही गोष्ट नीट समजली तर पुढचे बरेचसे सोपे होते.

तपासणी टाळणे आणि तपासणीत अडकणे

पहिल्यांदाच छातीत दुखले, दम लागला, धडधड झाली आणि आपण स्वतःच 'हे पॅनिकच असणार' असे ठरवून मोकळे झालो, तर ती गंभीर चूक ठरू शकते. थायरॉइडची अतिक्रियाशीलता, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता, रक्तक्षय, रक्तातील साखर घसरणे, दमा अशा अनेक कारणांनी हुबेहूब अशीच लक्षणे दिसतात. दुखणे हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे पसरत असेल, श्रम करताना सुरू होत असेल, शुद्ध हरपत असेल किंवा काही मिनिटांनंतरही छातीवरचे दडपण कायम राहत असेल, तर घरी श्वसनाचे प्रयोग करत बसू नये. तातडीची वैद्यकीय मदत घ्यावी. पूर्वी पॅनिकचे निदान झालेले असले तरी नेहमीपेक्षा वेगळे वाटणारे दुखणे याच नियमात बसते.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच प्रचलित आहे. डॉक्टरांनी तपासून हृदय ठीक असल्याचे सांगितल्यावरही महिन्याला नवा डॉक्टर, नवा ईसीजी आणि रात्री उशिरापर्यंत लक्षणांचा शोध सुरू राहतो. प्रत्येक अहवालाने दोन दिवस बरे वाटते आणि तिसऱ्या दिवशी शंका परत येते, कारण शंकेला उत्तर मिळण्याऐवजी तिला खाद्य मिळत असते. एकदा नीट तपासणी झाली की पुढची तपासणी कधी करायची हे डॉक्टरांनाच विचारून ठेवावे आणि मधल्या काळात मनगटावरच्या घड्याळात ठोके मोजणे थांबवावे.

'दीर्घ श्वास घे' हा अर्धवट सल्ला

सर्वांत जास्त फसणारा उपाय हाच आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. घाबरलेला माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर करत असतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटते, रक्ताची आम्लता कमी होते आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या काहीशा आकुंचन पावतात. गरगरणे, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येणे, सभोवतालचे जग खोटे वाटणे ही लक्षणे त्यातूनच येतात. गंमत अशी की ऑक्सिजन भरपूर असतानाही माणसाला मात्र श्वास पुरत नाही असेच वाटत राहते. अशा वेळी 'दीर्घ श्वास घे' म्हटले की तो छाती फुगवून भराभर मोठे श्वास घेतो आणि ज्या कारणाने गरगरत होते तेच कारण वाढवतो.

श्वास मोठा करण्याची गरज नाही, तो संथ करायचा आहे. नाकाने, छाती न फुगवता, पोट हलकेच वर येईल इतकाच श्वास ४ अंक मोजेपर्यंत घ्यावा आणि ६ अंक मोजेपर्यंत सोडावा; मिनिटाला साधारण ६ श्वास होतात. अंक जमत नसतील तर सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा थोडा जास्त ठेवणे एवढेच सांभाळावे. मोजण्यातच परीक्षा दिल्यासारखा ताण येणारी माणसेही असतात, त्यांनी मोजणे खुशाल सोडून द्यावे.

यातली खरी चूक मात्र वेगळीच आहे, आणि ती म्हणजे हे सगळे पहिल्यांदा झटक्याच्या वेळीच करून पाहणे. पोहायला न येणाऱ्याने बुडताना हात मारायला शिकण्यासारखाच हा प्रकार आहे. मन शांत असताना रोज दोनदा, दहा-दहा मिनिटे, काही आठवडे सराव केला तरच गरजेच्या वेळी शरीराला ही लय ओळखीची वाटते.

तोंडावर कागदी पिशवी धरून श्वास घेण्याचा जुना उपायही अजून ऐकायला मिळतो. तो करू नये. त्याने ऑक्सिजन कमी पडू शकतो, आणि त्रास मुळात दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर त्याचा परिणाम जिवावर बेतू शकतो.

भीतीशी झुंजणे

१९८७ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. त्यात सहभागी झालेल्यांना ५ मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि तरीही विचार आलाच तर घंटा वाजवा असे सांगण्यात आले. घंटा वाजतच राहिल्या. 'घाबरायचे नाही, घाबरायचे नाही' असे स्वतःला बजावणाऱ्याचेही नेमके असेच होते, कारण घाबरलो का हे पाहण्यासाठी त्याला सतत स्वतःच्या छातीकडे लक्ष ठेवावे लागते.

त्याआधी एक वर्ष, १९८६ मध्ये, ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी या झटक्याचे चक्र मांडले होते. शरीरात काहीतरी जाणवते, मन त्याचा अर्थ 'हृदय बंद पडणार' किंवा 'वेड लागणार' असा लावते, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने ती जाणीव आणखी तीव्र होते आणि तिलाच मन पुरावा मानते. हे चक्र अर्थाच्या टप्प्यावर तोडता येते. 'ही धडधड ॲड्रेनॅलिनमुळे आहे, हे असे पूर्वीही झाले आहे, हे ओसरेल' अशी दोन-तीन वाक्ये शांत वेळी स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवावीत आणि झटक्यात तीच वाचावीत, कारण त्या क्षणी नवा युक्तिवाद सुचत नाही. मग खांदे आणि जबडा सैल सोडून धडधडीला असू द्यावे. हे बोलायला सोपे आणि करायला अवघड आहे, पहिल्या काही वेळा ते अजिबात जमणार नाही, आणि तरीही तेच करत राहावे लागते.

चक्कर येऊन पडण्याच्या भीतीबद्दल एक माहिती उपयोगी पडते. शुद्ध हरपते ती सहसा रक्तदाब एकाएकी घसरल्यामुळे, तर पॅनिकमध्ये तो बहुधा वाढलेला असतो; म्हणून भोवळ आल्यासारखे वाटले तरी प्रत्यक्ष पडणे विरळा. रक्त किंवा सुई पाहून घाबरणाऱ्यांची गोष्ट निराळी, त्यांचा रक्तदाब खरोखर घसरू शकतो.

आधाराच्या वस्तू आणि पळवाटा

पाण्याची बाटली, खिशातली गोळी, दाराजवळची खुर्ची, सोबतीला हवाच असलेला माणूस यांत वरवर पाहता काहीच गैर नाही. अडचण अशी की झटका ओसरल्यावर त्याचे श्रेय या वस्तूंना जाते, आणि त्या नसत्या तरीही आपण तरलो असतो हे मनाला कधीच कळत नाही. लक्ष वळवण्याच्या तंत्राचेही असेच होऊ शकते. पाच दिसणाऱ्या गोष्टी, चार स्पर्शाच्या, तीन ऐकू येणाऱ्या, दोन वासाच्या आणि एक चवीची अशी नोंद घेण्याची रीत चांगली आहे. पण एकेक गोष्ट मोजता मोजता 'गेली का भीती?' असे तपासत राहिले की ती रीतही पळवाट होते. ती आजूबाजूला परत येण्यासाठी करावी आणि भीती सोबत असली तरी करावी.

जागा सोडून निघून जाणे ही यातली सर्वांत महागडी चूक आहे. बाहेर पडताच जो सुटकेचा श्वास येतो तो इतका गोड असतो की पुढच्या वेळी पाय दारापाशीच अडतात. मग आधी लिफ्ट सुटते, नंतर गर्दीची वाहने, नंतर सभागृहे, आणि काही महिन्यांत वावर घर आणि ठरावीक रस्त्यांपुरता उरतो. शक्य असेल तर लाट उतरेपर्यंत तिथेच थांबावे. निघावेच लागले तर थोड्या वेळाने किंवा दुसऱ्या दिवशी त्याच जागी परत जावे. सुटलेल्या जागांची सोप्यापासून कठीणपर्यंत यादी करून एकेक पायरी चढावी, आणि एका पायरीवर कंटाळा येईपर्यंत तीच पुन्हा पुन्हा करावी. एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारून हात पोळून घेतलेले लोक सगळा प्रयत्नच सोडून देतात.

वाहन चालवत असताना मात्र हा थांबण्याचा नियम लावू नये. सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्यावी, झटका उतरू द्यावा आणि मग प्रवास पुढे सुरू करावा.

मानसोपचारात याच विचाराची पुढची पायरी वापरतात. जागेवर धावणे, खुर्चीत बसून स्वतःभोवती फिरणे, बारीक नळीतून श्वास घेणे अशा कृतींनी धडधड आणि गरगर मुद्दाम ओढवून घ्यायची, म्हणजे त्या जाणिवांची भीती मोडते. हृदयविकार, दमा, अपस्मार असलेल्यांनी किंवा गर्भवतींनी हा प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, आणि इतरांनीही पहिल्यांदा तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावा.

उत्तेजक पेये, दारू आणि औषधे

कॉफीतील कॅफिनचे प्रमाण शरीरात निम्म्यावर यायला सुमारे ५ तास लागतात. हृदयाची धडधड वाढवणारा पदार्थ संध्याकाळी घेऊन रात्री धडधडीचा अर्थ शोधत बसण्यात शहाणपण नाही. कॅफिन कमी करताना मात्र ते हळूहळू करावे, एकदम सोडल्यास डोके दुखते. दारूने तात्पुरते सैल वाटते आणि तिचा अंमल उतरताना अस्वस्थता दामदुपटीने परत येते. उपाशी राहणे आणि अपुरी झोप यांविषयी वेगळे सांगायला नकोच.

चटकन शांत करणाऱ्या बेंझोडायझेपीन गटातील गोळ्या कोणाकडून तरी मागून घेणे ही धोक्याची गोष्ट आहे, त्यांची सवय लागते. नियमित घ्यायची नैराश्यविरोधी औषधे परिणाम दाखवायला काही आठवडे घेतात आणि सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थता वाढवूही शकतात. त्यामुळे आठवड्याभरात ती निरुपयोगी ठरवणे किंवा बरे वाटताच एकदम बंद करणे, दोन्ही चुकीचे. बदल करायचा तो लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच.

जवळची माणसे काय चुकतात

'शांत हो, काही झालेले नाही' हे वाक्य ऐकणाऱ्याला आपण मूर्ख ठरत असल्यासारखे वाटते. त्याऐवजी जवळ बसावे, हळू आणि मोजके बोलावे, परवानगीशिवाय धरू नये, आणि 'मी इथे आहे, हे उतरेल' एवढेच सांगावे. त्याच्या वतीने सगळी बाहेरची कामे करू लागणे ही प्रेमाने केलेली चूक असली तरी त्यामुळे त्याचा वावर आणखी आक्रसतो.

प्रगती कशी मोजावी

काही आठवडे प्रामाणिक सराव करूनही झटके वारंवार येत असतील, जागा सुटत चालल्या असतील, झोप आणि काम बिघडले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा विचार व वर्तन यांवर काम करणाऱ्या 'सीबीटी' पद्धतीचे प्रशिक्षण घेतलेल्या मानसशास्त्रज्ञांकडे जावे. या त्रासावर ती पद्धत चांगली लागू पडते. जगणे नको वाटत असेल तर आठवडेच काय, एक दिवसही थांबू नये. त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगावे आणि तातडीची मदत घ्यावी.

घरी सराव करताना आठवड्यात किती झटके आले हेच मोजत राहिल्यास एका वाईट आठवड्याने सगळी उमेद जाते. वहीत तीन रकाने आखावेत: कुठे होतो, काय होईल असे वाटले, प्रत्यक्षात काय झाले. पहिल्या पानांवर दुसऱ्या रकान्यात 'मरेन', 'पडेन', 'लोक हसतील' असे काहीबाही येईल, आणि तिसऱ्यात बहुतेक वेळा 'वीस मिनिटे घाम आला, मग रांगेत उभा राहून काम उरकले' यासारखी अगदी साधी नोंद असेल.