सोन्याचा रकाना शेवटी वाचा

कळव्याला आमच्या गच्चीवरून पारसिकचा डोंगर दिसतो. एमएस्सीला सरांनी पहिलंच काम दिलं ते घराजवळचा ताजा दगड फोडून आणण्याचं. मी पारसिकचा काळा कातळ नेला, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा बेसाल्ट.

पुढे प्रकल्पासाठी रायचूर जिल्ह्यातल्या हट्टी पट्ट्यातले नमुने मिळाले. तिथला दगडही मूळचा बेसाल्टच, पण २५० कोटी वर्षांहून जुना, दाबला-भाजला जाऊन अँफिबोलाइट झालेला. आणि त्यात सोन्याची चालू खाण. असं का, हे दगडाच्या रसायनातून शोधणं म्हणजे आमचा विषय, भूरसायनशास्त्र.

या वाटेला यायचं तर बीएस्सीनंतर आयआयटीतल्या एमएस्सीसाठी जॅम या प्रवेश परीक्षेचा भूशास्त्राचा पेपर आहे. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जायचं असेल तर यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा. त्यात रसायनशास्त्रवाल्यांसाठीही पदं असतात, हे ठाण्यातल्या बऱ्याच मुलांना माहीतच नसतं.

आता मुख्य गोष्ट. दगड दळून त्याची पूड तपासली, की त्यात कोणतं मूलद्रव्य किती याचा रिपोर्ट येतो. तो हातात आला की नजर आधी सोन्याच्या रकान्यावर जाते. तो रकाना शेवटी वाचा. साध्या बेसाल्टमध्ये सोनं टनामागे ग्रॅमचे काही हजारावे भाग असतं, खाणीच्या दगडात काही ग्रॅम. पुडीत सोन्याचा एखादा कण जास्त आला तरी आकडा उडी मारतो.

आधी टायटॅनियम, झिर्कोनियम, इट्रियम, निओबियम बघा. गरम पाणी दगडातून गेलं तरी हे सहसा जागचे हलत नाहीत, म्हणून मूळ लाव्हा कसा होता ते यांनाच विचारायचं. मग पोटॅशियम, रुबिडियम, बेरियम. हे पाण्याबरोबर ये-जा करतात. पोटॅशियम वाढलंय, आर्सेनिक चढलंय, कार्बोनेटमुळे तापवल्यावर दगडाचं वजन बरंच घटतंय, असं एकत्र दिसलं की तिथून पाणी गेलं असं समजा. सोनं त्याच पाण्यात गंधकाशी जोडीने फिरतं. लोहाने श्रीमंत बेसाल्ट भेटला की गंधक लोहाला धरून पायराइट होतो आणि सोनं तिथेच उतरतं. मला या विषयातलं सगळ्यात सुंदर काही वाटत असेल तर ते हे.

निकेलचं गणित वेगळं. कोमाटिआइट नावाच्या, १८ टक्क्यांहून जास्त मॅग्नेशियम ऑक्साइड असलेल्या लाव्हाने वाटेतल्या खडकांतून गंधक उचललं, तर निकेल सल्फाइड होऊन तळाशी बसतं. ऑस्ट्रेलियातलं कंबाल्डा तसंच. म्हणून तिथे निकेल हरवलेला लाव्हासुद्धा जवळपास साठा असल्याची खूण ठरतो.

माझी चूक मात्र दळण्यात झाली. हट्टीच्या पुडीत टंगस्टन भरपूर आलं. त्या पट्ट्यात सोन्यासोबत शीलाइट हे टंगस्टनचं खनिज सापडतं, त्यामुळे मी आनंदाने अख्खं प्रकरण लिहून काढलं. सरांनी एवढंच विचारलं, "पारसिकचा तुकडा त्याच भांड्यात दळलास का?" दळला. त्यातही टंगस्टन तसंच चढलेलं, सोबत कोबाल्टही. भांडं टंगस्टन कार्बाइडचं होतं. प्रकरण काढून टाकलं, नमुने अकीकाच्या भांड्यात पुन्हा दळले. हट्टीच्या दोनच नमुन्यांत टंगस्टन उरलं, आणि ते दोन्ही क्वार्ट्झच्या शिरेला लागून घेतलेले होते.