छत वाजवून घेताना : भूमिगत कोळसा खाणीत जाणाऱ्या आपल्याकडच्या पोरांसाठी

खानापूर, नंदगड, निपाणीकडची काही पोरं हल्ली मायनिंगचा डिप्लोमा करून सरदार आणि ओव्हरमनच्या, म्हणजे खाली कामावर आणि सुरक्षेवर देखरेख करणाऱ्यांच्या, भरतीचे फॉर्म भरायला लागली आहेत. त्यातली काही माझ्याकडे येऊन बसतात. प्रश्न ठरलेले असतात. पगार किती, क्वार्टर मिळतं का, परीक्षेला कुठलं पुस्तक वाचू. छताबद्दल अजून एकानंही विचारलेलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. बोर्ड अँड पिलर म्हणजे काय, इनटेक आणि रिटर्न कशाला म्हणतात, हे तुम्हाला कॉलेजात शिकवलेलं आहे. ते परत सांगत नाही. मला जे फार उशिरा कळलं ते सांगतो.

मी खानापूरचा, कुंभाराच्या घरातला. आपल्या बेळगाव जिल्ह्यात कोळसा नाही आणि सापडणारही नाही. गोंडवानाचे जे थर कोळसा धरून असतात ते इथं नाहीतच. इथं आहे तो काळा बसाल्ट, त्यावरचा जांभा आणि गोकाकच्या धबधब्याखाली दिसतो तो कलादगीचा वालुकाश्म. त्यामुळे खाणीची हवा, खाणीची भाषा, खाणीतला बाप-चुलता असं आपल्या पोरांजवळ काहीच नसतं. चंद्रपूर-वणीकडचा पोरगा लहानपणापासून भोंग्यावर उठतो, शिफ्टचे शब्द त्याच्या कानावरून गेलेले असतात. आपण कोरे जातो. त्याची लाज वाटून घेऊ नका, पण ते लपवूही नका.

१९७९ साली, एकविसाव्या वर्षी, मी वर्धा खोऱ्यातल्या एका खाणीत ट्रॅमर, म्हणजे कोळशाच्या गाड्या ढकलणारा, म्हणून लागलो. मामा बल्लारशाला रेल्वेत होते, त्यांनी बोलावून घेतलं. बेळगावहून मिरजेपर्यंत तेव्हा मीटरगेज होती. मिरजेला ब्रॉडगेज धरायची, वर्ध्याला उतरून पुन्हा बल्लारशाची गाडी बघायची. आई चासनाला विसरली नव्हती. २७ डिसेंबर १९७५ ला त्या खाणीत पाणी घुसलं आणि ३७५ माणसं गेली, हे तिनं रेडिओवर ऐकलं होतं. निघताना तिनं एवढंच विचारलं, "तिथं खाली पाणी असतंय काय रे?" मी नाही म्हणालो. मला काही माहीत नव्हतं.

तेव्हाचं काम कसं चालायचं ते थोडं सांगतो, कारण आजची यंत्रं बघून तुम्हाला त्याचा अंदाज येणार नाही. राष्ट्रीयीकरण १९७३ चं. माझ्याबरोबरचे वयस्क लोडर त्याआधीच्या ठेकेदारीतले होते. त्यांनी गैंतीनं कोळसा पाडलेला, टोपलीनं भरलेला, आणि मजुरी टबावर, म्हणजे भरलेल्या गाडीमागं, घेतलेली. छताला लाकडी आधार लावणारे आमचे टिंबर मिस्त्री बिलासपूरकडचे. युद्धाच्या काळात, १९४३ ते १९४६, बायकांना जमिनीखाली काम करायची बंदी उठवली होती, त्या वर्षांत त्यांच्या आईनं खाली टोपल्या वाहिल्या होत्या. हे ते असं सांगत की जणू शेतावर गेल्याची गोष्ट आहे.

मी लागलो तेव्हा फेसवर, म्हणजे जिथं कोळसा तोडतात त्या तोंडावर, कोल कटिंग मशीन आलेलं होतं. लांब, बुटकं, जमिनीला चिकटून सरकणारं धूड. समोर बल्ली (लाकडी खांब) पक्की ठोकून तिला दोर बांधायचा आणि मशीन तो दोर गुंडाळत स्वतःला ओढत न्यायचं. त्याच्या पुढच्या पात्यावर साखळी, साखळीला पिक बसवलेले. कोळशाच्या तळाशी वीतभराहून कमी उंचीची, पण आत दीड मीटर खोल अशी आडवी फट ते पाडायचं. मग १२५ व्होल्टच्या हातातल्या ड्रिलनं वर भोकं, भोकात परमिटेड (कोळसा खाणीसाठी मंजूर) स्फोटक, वरून मातीच्या गोळ्या ठासायच्या, गॅस तपासायचा आणि बार उडवायचा. खाली फट असल्यामुळे कोळसा मोकळा खाली बसायचा, दारू कमी लागायची. मातीच्या गोळ्या करायचं काम मला आवडायचं, हात घरचाच होता. पाणी किती, वाळू किती, गोळी वाळून तडकू नये म्हणून किती मळायची, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. मग लोडर डोक्यावरून टोपल्या नेऊन टब भरत. एक टब साधारण टनाचा. आम्ही ट्रॅमर तो ढकलत हॉलेजपर्यंत, म्हणजे दोरानं टब ओढणाऱ्या यंत्राच्या रस्त्यापर्यंत, नेत असू.

त्या मशीनचा आवाज लक्षात ठेवा. पुढं त्याचंच सांगायचं आहे.

१९८३ ला मी सरदारचं सर्टिफिकेट काढलं. सरदार झालं की आपल्या डिस्ट्रिक्टमधली (खाणीच्या आपल्या भागातली) प्रत्येक जागा तपासायची, छत वाजवून बघायचं, खडूनं तारीख आणि सही टाकायची. त्या सहीवर विश्वास ठेवून माणसं आत जातात. मला या कामाची भीती नव्हती. उलट वाटायचं, हे तर माझंच काम. आमच्याकडे मडकं वाजवून घेतात. बोटाच्या पेरानं टिचकी मारली की पक्कं मडकं खणखणीत बोलतं आणि तडा गेलेलं बद्द वाजतं. आठव्या वर्षापासून मी भट्टीतून निघालेली मडकी अशी निवडत आलो होतो. डोळे झाकून सांगायचो. माझा कान चुकत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तिथंच मी फसलो.

सर्टिफिकेट मिळून चार महिने झाले होते. दुसरी शिफ्ट, एका गॅलरीच्या (कोळशातून काढलेल्या बोगद्याच्या) फेसवर कटिंग संपत आलेलं. वरून टबांची घाई. मशीन थांबलं आणि मी लगेच पुढं झालो. सब्बल (पहार) उचलली, मधोमध तीन-चार ठिकाणी छत ठोकलं. टणक आवाज आला. खडूनं सही केली आणि मिस्त्रींना बल्ल्या लावायला आत पाठवलं. पंधरा मिनिटंही झाली नसतील. गॅलरीच्या रुंदीची शिळा एका अंगानं सुटून खाली आली. दीड फूट जाड होती. मिस्त्री उडी मारून मागं आले, पण डावा पाय राहिला. घोट्याखालचा पाय कायमचा गेला.

चौकशी झाली, मला महिनाभर घरी बसवलं. ते रास्त होतं. दवाखान्यात गेलो तेव्हा मिस्त्रींनी रागाचा शब्द काढला नाही. म्हणाले, "हाथ लगाया था क्या, बाबू?" मी गप्प राहिलो. हात लावला नव्हता.

हे आता सावकाश समजून घ्या. परीक्षेत यावर दोन ओळी लिहिल्या तरी मार्क मिळतात, पण खाली दोन ओळींवर भागत नाही.

मडक्याची भिंत बोटाएवढी असते. टिचकीनं अख्खं मडकं थरथरतं, म्हणून तडा असला की आवाज लगेच फुटतो. छतातला सुटलेला थर वीत-दोन विती जाड असला तर सब्बलेचा ठोका त्याला आतपर्यंत हलवतच नाही. आपण वरच्यावर ठोकतो, वरच्यावरचंच उत्तर येतं, आणि ते उत्तर खणखणीत असतं. म्हणजे बद्द वाजलं तर छत नक्की वाईट, पण टणक वाजलं म्हणून छत चांगलं असं मुळीच नाही. पातळ पापुद्रा आवाजात सापडतो. माणूस मारणारी जाड शिळा सापडत नाही. हा फरक वाचून कळत नाही, म्हणून मी तो प्रत्येक पोराला तीन वेळा सांगतो.

दुसरी गोष्ट मशीनची. तासभर त्या साखळीशेजारी उभं राहिलं की मशीन बंद झाल्यावरही कानात गुणगुण उरते. त्या कानांनी मी छत ऐकायला गेलो होतो. गैंतीच्या काळातले लोडर सांगत, छत पडायच्या आधी बोलतं. बारीक करकर होते, कोळशाचे कण झडतात, साल झाडाची बल्ली कण्हते. लाकडाचा हा मोठा गुण होता, मोडण्याआधी ते आवाज करायचं. लोखंडी प्रॉप (खांब) तसा इशारा देत नाही. त्या माणसांना हे सगळं ऐकू यायचं, कारण त्यांच्या फेसवर शांतता होती. यंत्र आलं, कोळसा वाढला आणि ती शांतता गेली. यंत्राला मी वाईट म्हणत नाही. गैंतीनं माणसाची कंबर चाळिशीत मोडायची, ती मी पाहिलेली आहे. पण यंत्रानं घेतलेली शांतता आपण मागून घ्यावी लागते.

म्हणून मशीन बंद, ड्रिल बंद, बोलणं बंद. पाच मिनिटं नुसतं उभं राहा, तेही बल्ल्या लावलेल्या छताखाली. आधी बघा. स्लिप, म्हणजे खडकातली गुळगुळीत फट, दिसते का, तिची चकचकीत, तेलकट पाठ दिसते का, दोन स्लिपा वर जाऊन एकमेकींना मिळतात का. तसं असेल तर मधला तुकडा पाचरीसारखा मोकळा आहे, तो कसाही वाजो. काल कोरडं होतं तिथं आज पाणी ठिबकतं का. मग पक्क्या छताकडून फेसकडे या, उलट कधीच नाही. ठोकताना दुसऱ्या हाताची बोटं छताला टेकलेली पाहिजेत. सुटलेला थर कानाला कळला नाही तरी बोटांना कळतो, आतून बारीक थरथर येते. छत उंच असेल, आणि तीन मीटर असेल तर हात पोचणारच नाही, तर दुसऱ्या काठीचं टोक छताला टेकवून ती घट्ट धरा. थरथर काठीतून उतरते. मध्यावर ठोकून थांबू नका. पिलरच्या (आधाराला सोडलेल्या कोळशाच्या खांबाच्या) कडेनं, दोन्ही बाजूंनी, जंक्शनवर, म्हणजे गॅलऱ्या मिळतात तिथं, चारी कोपऱ्यांत ठोका. शंका आली तर पाडा. पाडता येत नसेल तर आधार द्या. दोन्ही होत नसेल तर कुंपण घाला आणि माणसं मागं घ्या. वरून कोणी कितीही ओरडो. बार उडवल्यावर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून, कारण बारानं छत हलवलेलं असतं.

यातलं एकही वाक्य गाळू नका. मी गाळलं होतं.

हॉलेजबद्दल थोडक्यात, कारण तिथं मी वाचलो आणि वाचलेला माणूस नीट शिकवू शकत नाही. डायरेक्ट हॉलेजमध्ये भरलेले टब दोरानं वर ओढतात, रिकामे उतारानं स्वतः खाली जातात. एंडलेसमध्ये दोर सावकाश, अखंड फिरत असतो आणि टब क्लिपनं त्याला अडकवतात. सावकाश चालतो म्हणून पोरं एंडलेसला घाबरत नाहीत, आणि बोटं तिथंच जातात. हॉलेज चालू असताना त्या रस्त्यानं चालायचं नाही. टबावर बसून वर यायचं नाही. वळणावर दोराच्या आतल्या अंगाला उभं राहायचं नाही, कारण दोर ताणला की सरळ रेषेत येतो आणि मधलं सगळं कापत येतो. चढणाऱ्या टबांच्या मागं बॅकस्टे (टब मागं घसरू नये म्हणून लावायची दांडी) लावल्याशिवाय घंटी द्यायची नाही. चालू हॉलेजला एक घंटी म्हणजे थांब. ती द्यायला कोणाची परवानगी लागत नाही, नव्या माणसानंसुद्धा द्यावी.

गॅसचे आकडे तुम्हाला पाठ असतीलच. रिटर्नला (वापरलेली हवा बाहेर जाते त्या रस्त्याला) मिथेन ०.७५ टक्क्यांच्या वर नको, डिस्ट्रिक्टमध्ये कुठंही १.२५ टक्क्यांच्या वर नको, आणि १.२५ झालं की वीज तोडायची. आता खिशातलं मिथेनोमीटर आकडा दाखवतं. आम्ही सेफ्टी लॅम्पची वात बारीक करून ज्योतीवरची निळसर टोपी बघायचो. जुना लॅम्प संग्रहातून मिळाला तर एकदा पेटवून बघाच. टोपीवरून मिथेन कळतो, आणि हवेतला ऑक्सिजन कमी झाला की ज्योत मंदावून विझते, तेव्हा एका ज्योतीत दोन गोष्टी कळायच्या.

आता माझी मतं, पटली तर घ्या. प्रश्नसंचावर सरदारची परीक्षा पास होता येते, हे खरं आहे. पण तसा पास झालेला सरदार पहिल्या वर्षी स्वतःला नाही, दुसऱ्याला घालवतो. मी प्रश्नसंचवाला नव्हतो आणि तरीही माझ्या हातून झालं, तर त्यांचं काय सांगावं. गुरू निवडताना हुद्दा बघू नका. जो माणूस फेसवर पोचल्यावर काही न करता थोडा वेळ उभा राहतो, त्याच्या मागं लागा. तो बहुधा टिंबरमन नाहीतर ड्रेसर (सैल छत पाडणारा) असतो. त्याला काका म्हणा, त्याचा डबा उचला, त्याच्या शेजारी जेवा. आता छताला बोल्ट मारतात, कोळसा सलग कापत जाणारं कंटिन्युअस मायनर यंत्र आलं, खडूच्या सहीबरोबर यंत्रांची मापं आली. तरी बोल्ट मारायच्या आधी कोणीतरी वर बघावंच लागतं.

पहिल्या आठवड्यात भीती वाटेल. कॅपलॅम्प विझवल्यावर जो काळोख येतो तो तुम्ही कधी पाहिलेला नसेल, आपल्या जंगलातल्या अमावास्येलाही तो नसतो. छाती धडधडेल, पाण्याचा थेंब पडला तरी दचकाल. हे सगळ्यांना होतं, आठ-दहा दिवसांत जातं. उन्हाळ्यात वर पंचेचाळीस अंश असताना खाली गेलेलं बरं वाटतं, हेही कळेल. भाषेचं ओझं घेऊ नका. खाली अर्धी हिंदी, थोडी छत्तीसगढी, वऱ्हाडी मराठी असं चालतं. आपलं "काय की", "बघ की" ऐकून पहिले काही दिवस हसतात, मग तेच तुमच्याकडून शिकतात.

कागदपत्रांचं मात्र आजच बघा. आपला जातीचा, रहिवासाचा दाखला कन्नडमध्ये असतो. तिकडच्या खिडकीवरच्या माणसाला तो वाचता येत नाही. माझे दोन महिने त्यातच गेले, तेवढ्यात माझ्यामागून आलेले दोघे लागून गेले. इंग्रजी भाषांतर साक्षांकित करून तीन प्रती जवळ ठेवा. फर्स्ट एड आणि गॅस टेस्टिंगची सर्टिफिकेटं सरदारकीआधी लागतात, ती वेळेत काढा. कोळशाकडे मन नसेल तर आपल्याच राज्यात रायचूर जिल्ह्यात हट्टीची सोन्याची खाण आहे. खडक वेगळा, यंत्रं वेगळी, पण छत तिथंही डोक्यावरच असतं.

मिस्त्री २००१ ला गेले. तोवर दर दिवाळीला मी बिलासपूरला जात होतो. त्यांनी मला दोन काठ्या धरायला खाटेवर बसून शिकवलं, घराच्या आढ्याला फळी सैल ठोकून. तशीच एक फळी मी आमच्या मागच्या पडवीत तुळईला ठोकून ठेवली आहे. निम्मी पक्की आहे, निम्मी सुटलेली, आणि वाजवल्यावर दोन्हीकडून आवाज सारखाच येतो. खानापूरकडचं कोणी भरतीला निघालं असेल तर आधी एक रविवार इकडं या. डोळे बांधून, हातानं ओळखा.