न्यूयॉर्कमध्ये घर शोधताय? आधी दारावरच्या बेल मोजा

दर उन्हाळ्यात आमच्या हॉलमध्ये कुणाची तरी भाची नाहीतर भाच्याचा मित्र मुक्कामाला असतो. बॅगा उघड्या, पोह्यांची बशी हातात आणि नजर मोबाइलवरच्या भाड्याच्या जाहिरातींवर. "मावशी, रेंट-स्टॅबिलाइज्ड घर कुठे मिळतं हो?" हा प्रश्न ठरलेला. आणि असं घर म्हणजे गरिबांसाठीची सरकारी खोली, हा समजही ठरलेला.

तो समज आधी काढून टाका. ही घरं खाजगी मालकांचीच असतात, फक्त भाडं किती वाढवायचं ते मालकाच्या हातात नसतं. शहरात अशी सुमारे दहा लाख घरं आहेत आणि जुन्या इमारतींमधल्या घरांना उत्पन्नाची अट नसते. जोहरान ममदानी महापौर होण्याआधी अ‍ॅस्टोरियात अशाच घरात राहत होते, आणि २०२५च्या निवडणुकीत विरोधकांनी त्यावरून त्यांना डिवचलंही होतं. (रेंट कंट्रोल हा वेगळा प्रकार. १ जुलै १९७१च्या आधीपासून तिथेच राहणाऱ्या कुटुंबांचा. तो तुमच्या वाट्याला येत नाही, त्याचा नाद सोडा.)

मुंबईकरांना मी आणखी एक सांगते, पागडी डोक्यातून काढा. इथे घर मिळवायला कुणी वरचे पैसे मागत असेल, तर ते बेकायदा आहे. उलट अकरा महिन्यांच्या करारावर दिवस काढलेल्यांना या घराची खरी किंमत पटकन कळते. करार संपला म्हणून मालक तुम्हाला बाहेर काढू शकत नाही. मुदत संपायच्या ९० ते १५० दिवस आधी त्याला नव्या कराराचा कागद पाठवावा लागतो. एक वर्ष की दोन, ते तुम्ही ठरवायचं. भाडं किती वाढणार हे महापौरांनी नेमलेलं नऊ जणांचं मंडळ दर उन्हाळ्यात ठरवतं. ऑक्टोबर २०२५ ते सप्टेंबर २०२६ मध्ये सुरू होणाऱ्या करारांसाठी एका वर्षाला ३ टक्के आणि दोन वर्षांना ४.५ टक्के. सुरुवातीचं भाडं बाजारभावाच्या जवळपास असलं, तरी म्हणूनच मी असं घर घ्या म्हणते. स्वस्ताई पहिल्या वर्षी दिसत नाही, सातव्या वर्षी दिसते.

आता शोधायचं कसं? जाहिरातीत बहुतेक वेळा यातलं काहीच लिहिलेलं नसतं. म्हणून मी पोरांना घेऊन क्वीन्समधल्या एल्महर्स्ट, सनीसाइड, वुडसाइड, रेगो पार्क अशी पायी फिरवते. जुनी विटांची पाच-सहा मजली इमारत दिसली की दारावरच्या बेल मोजायच्या. सहा किंवा जास्त घरं आणि बांधकाम १९७४च्या आधीचं, तर शक्यता चांगली. इमारत कधीची ते शहराच्या नकाशाच्या संकेतस्थळावर कळतं. भाडं ठरवणारं मंडळ अशा इमारतींच्या याद्याही बरोनुसार, म्हणजे शहराच्या पाच विभागांनुसार देतं. पण यादीत इमारत असते, घर नव्हे. घरं यातून काढायची वाट जवळपास बंद करणारा २०१९चा कायदा येण्याआधी बरीच घरं या नियमांतून सुटली आहेत. एकाच जिन्यावर डावीकडचं घर स्टॅबिलाइज्ड आणि उजवीकडचं नाही, असं सर्रास असतं. जॅक्सन हाइट्समध्ये जास्तच जपून, तिथल्या सुंदर जुन्या इमारतींपैकी कितीतरी को-ऑप, म्हणजे रहिवाशांच्याच मालकीच्या झाल्या आहेत. लाँग आयलंड सिटीतले काचेचे मनोरे करसवलतीमुळे स्टॅबिलाइज्ड असू शकतात, पण ती सवलत कधी संपते हे करारात वाचून घ्या.

इमारतीच्या सुपरशी, म्हणजे देखभाल करणाऱ्या माणसाशी बोला. घर रिकामं होणार ही बातमी त्याला दलालाच्या आधी लागते.

घर हाती आलं की राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडून त्या घराचा भाडे-इतिहास मागवा. फुकट असतो. पाकीट त्याच घराच्या पत्त्यावर येतं, म्हणून सही करण्याआधी हवा असेल तर जुन्या भाडेकरूला किंवा मालकालाच विचारावं लागतं. आमच्या पहिल्या घरी करारासोबत यायला हवं ते हक्कांचं जोडपत्र आलंच नव्हतं आणि आम्हीही विचारलं नाही. दोन वर्षांनी शेजारच्या बांगलादेशी काकूंनी तो इतिहास मागवायला लावला. नोंदलेलं भाडं आम्ही देत होतो त्यापेक्षा बरंच कमी निघालं. तक्रार केली, वेळ लागला, पण पैसे परत मिळाले. मी दोन वर्षं भाजीच्या जुड्यांचे भाव ताडून पाहत होते आणि भाड्याचा कागद एकदाही उघडला नव्हता!

कागदावर भाड्याचे दोन आकडे दिसले तर दचकू नका. मोठा आकडा कायदेशीर भाड्याचा, लहान सवलतीच्या भाड्याचा. २०१९पासून तुम्ही तिथे राहत आहात तोवर वाढ लहान आकड्यावरच मोजतात.

पैशांचं गणित मात्र कडक आहे. बहुतेक मालक वार्षिक उत्पन्न भाड्याच्या ४० पट मागतात. २,४०० डॉलरच्या घराला ९६,००० डॉलर. नव्या माणसाकडे क्रेडिटचा इतिहास नसतो, म्हणून "सहा महिन्यांचं भाडं आधी द्या" असं सुचवलं जातं. देऊ नका. डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि आगाऊ भाड्याच्या नावाखालीही नाही. जामीनदार शोधा किंवा फी घेऊन जामीन राहणाऱ्या कंपन्यांकडे जा. ११ जून २०२५पासून दलालाची फी ज्याने दलाल नेमला त्याने द्यायची आहे, तेव्हा मालकाच्या दलालाला खिशातून काही देऊ नका.

पहिलं वर्ष बहुतेक जण कुणाच्या तरी घरात एक खोली घेऊन काढतात. ते घर स्टॅबिलाइज्ड असेल, तर मूळ भाडेकरूला तुमच्याकडून तुमच्या वाट्यापेक्षा जास्त घेता येत नाही. ३,००० डॉलरच्या घरात तिघे राहता आणि तुम्ही एकटे १,८०० देता, असं असेल तर एकदा मूळ करार दाखवायला सांगा. आपल्याच माणसाला कसं विचारायचं, हा संकोच मला कळतो. तरी विचारा.

आणि घर मिळालं की तिथे खरोखर राहा. भारतात लांब मुक्कामाला जाऊन खोली परस्पर मित्राला देऊन टाकली, तर तुम्हाला बाहेर काढायला मालकाला हवं ते कारण आयतं मिळतं. पोटभाडेकरू ठेवायचा असेल तर आधी लेखी परवानगी मागा, सर्टिफाइड टपालाने, आणि पावती जपून ठेवा.