लॅपटॉपवर चालला म्हणजे ड्रायव्हर झाला असं नाही

लिनक्स कर्नलसाठी (म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यासाठी) ड्रायव्हर, म्हणजे एखादं डिव्हाइस चालवणारा कोड लिहिताय आणि टेस्टिंग फक्त स्वतःच्या इंटेलच्या लॅपटॉपवर करताय, तर पॅच (तुमचा कोडमधला बदल) पाठवायच्या आधी अजून दोन प्रकारच्या प्रोसेसरसाठी बिल्ड करून बघाच, एक ३२-बिट आर्म आणि दुसरं एस३९०, म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेमवालं. मेनफ्रेम कुठून आणू असं विचारू नका, क्रॉस कंपायलर, म्हणजे आपल्या मशीनवर बसून दुसऱ्या प्रोसेसरसाठी बिल्ड करणारा, फुकट मिळतो आणि चालवायला क्यूएमू हे दुसऱ्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर आहेच, स्लो चालतं पण चालतं.

एस३९० का, तर तो बिग-एंडियन आहे, म्हणजे आकड्याचा सर्वात मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवतो, आपले लॅपटॉप लिटल-एंडियन, म्हणजे बरोबर उलटे, त्यामुळे डिव्हाइसकडून आलेला ४ बाइटचा आकडा तुम्ही सरळ पॉइंटर कास्ट करून वाचला असेल तर इथे मस्त चालतो आणि तिथे उलटा येतो, आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. मी यात अख्खा शनिवार घालवलाय! म्हणून अशा फील्डला साधा यू३२ (३२ बिटांचा आकडा) नको, एलई३२ (लिटल-एंडियन आहे असं सांगणारा) टाइप द्या आणि मेक, म्हणजे बिल्डची कमांड देताना सी=१ लावा, मग स्पार्स नावाचं कोड तपासणारं टूल बरोबर त्या ओळीवर बोट ठेवतं.

३२-बिट आर्म का, तर त्या बिल्डमध्ये लाँग हा आकड्याचा टाइप ६४-बिटसारखा ८ नाही तर ४ बाइटचा होतो, पॉइंटरही, म्हणून तिथे बऱ्याच वॉर्निंग आपोआप बाहेर पडतात.

अजून एक, पेज साइज, म्हणजे कर्नल मेमरीचे जे तुकडे करतो त्यांचा आकार, ४०९६ बाइट असं हाताने लिहू नका राव, ६४-बिट आर्मवर ती १६ केबी किंवा ६४ केबीसुद्धा असू शकते, त्यासाठी पेज साइजचा मॅक्रो (कोडमध्ये आधीच ठरवून ठेवलेलं नाव) आहे तोच वापरा.