दाणेदार फोटोत कड कोण नीट पकडतं, हे कसं तपासावं

उद्यमबागला कास्टिंग तपासणाऱ्या कॅमेऱ्यांचं काम मी बघतो. पावसाळ्यात बेळगावात भर दुपारी अंधारून येतं, शेडमध्ये उजेड पुरत नाही, गेन (कॅमेऱ्यानं सिग्नल किती वाढवायचा ते सेटिंग) वाढवावा लागतो आणि फोटो दाणेदार येतो. मग कड, म्हणजे उजेड एकदम बदलतो ती रेघ, शोधायला सोबेल ही पद्धत घ्यायची की कॅनी, हा वाद ठरलेलाच. तो नुसत्या नजरेनं मिटवू नका. चित्र स्वच्छ दिसतं, पण अर्धी कड गेलेली असते.

आधी खरी कड ठाऊक असलेलं चित्र स्वतः बनवा: डावीकडे पिक्सेलची उजळता १००, उजवीकडे १५०, त्या उजव्या भागात १०० चा एक गोल. त्यावर गॉसियन नॉईज, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वक्रानुसार येणारे यादृच्छिक चढउतार, टाका; सिग्मा, म्हणजे त्यांचा पसारा, १०, २५ आणि ५०. दोन भागांतली पायरी ५० ची आहे. तिचा वर्ग भागिले सिग्माचा वर्ग, म्हणजे सिग्नल-नॉईज प्रमाण २५, ४ आणि १. चित्र आणि नॉईज यांची बेरीज फ्लोटमध्येच, म्हणजे दशांश आकड्यांत, करा. नमपाय या पायथनच्या लायब्ररीच्या ८ बिटांत केली तर २५५ च्या पुढचा आकडा फिरून शून्याकडे येतो आणि भलतेच काळे ठिपके पडतात.

मोजायला प्रॅटचा फिगर ऑफ मेरिट हा गुणांक घ्या. सापडलेल्या प्रत्येक पिक्सेलचं खऱ्या कडेपासूनचं अंतर काढायचं, त्याच्या वर्गाला ९ नं भागून १ मिळवायचा आणि १ ला त्या आकड्यानं भागायचं. जागेवरच्या पिक्सेलला १ गुण, एक पिक्सेल सरकला तर ०.९, तीन सरकला तर ०.५. सगळ्या गुणांच्या बेरजेला खरे पिक्सेल आणि सापडलेले पिक्सेल यांतल्या मोठ्या संख्येनं भागा. खोटी कड आली तरी गुण जातात, खरी सुटली तरी जातात. यातलं काय झालं ते मात्र हा आकडा सांगत नाही, म्हणून शेजारी प्रिसिजन (सापडलेल्यातले खरे किती) आणि रिकॉल (खऱ्यातले सापडले किती) लिहाच. आमच्या धंद्यात सुटलेली चीर जास्त महागात पडते. मी रिकॉल आधी बघतो.

तुलना बिघडते ती बहुतेक वेळा तयारीत. ओपनसीव्ही या चित्रांच्या लायब्ररीतलं कॅनी स्वतः गॉसियन ब्लर (नॉईज दबवायला चित्र पुसट करणं) करत नाही, तो आधी आपण द्यायचा. आणि सोबेललाही तेवढाच द्यायचा. सोबेलची कड जाड येते, ती बारीक करूनच गुण द्या. थ्रेशोल्ड, म्हणजे किती बदलाला कड मानायचं ती मर्यादा, फिरवून प्रत्येकाचा सर्वोत्तम गुण घ्या. मग एकच थ्रेशोल्ड कायम ठेवून पुन्हा मोजा, कारण ढग आले म्हणून लाईनवर कुणी सेटिंग बदलत बसत नाही. मला हा दुसरा आकडाच खरा वाटतो.

सॉल्ट अँड पेपर नॉईज, म्हणजे विखुरलेले काळे-पांढरे ठिपके, वेगळा तपासा. तिथं आधी ३×३ मीडियन (शेजारच्या नऊ पिक्सेलांतला मधला आकडा) लावा, ब्लरनं ठिपके नुसते पसरतात.

शेवटी खरं कास्टिंग. कॅमेरा न हलवता १६ फ्रेम घेऊन सरासरी काढा, नॉईज चौथाईवर येतो. त्या चित्रावर दोन माणसांकडून स्वतंत्रपणे खरी कड आखून घ्या आणि चाचणी एकेकट्या फ्रेमवर करा. थ्रेशोल्ड ज्या फ्रेमवर ठरवला, त्या फ्रेमला गुण देऊ नका.